खुर्ची मागे झुकली की क्षितिज का घसरतं?

मुंबईत मॉलच्या गेमिंग झोनमध्ये अंड्याच्या आकाराच्या हलत्या खुर्च्या आणि डोक्याला व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट हे दृश्य आता सवयीचं आहे. राइडवरून उतरलेल्याला मळमळलं की दोष त्याच्या पोटाला किंवा खाल्लेल्या वडापावला जातो. बऱ्याचदा गडबड मशीनच्या जुळणीत असते.

१९८७ साली डिस्नेलँडमध्ये स्टार टूर्स ही हलत्या केबिनची राइड सुरू झाली, तेव्हा प्रश्न सोपा होता. चाळीस माणसांची केबिन, खाली हायड्रॉलिक पाय, समोर पडदा. पडदा केबिनसोबतच हलायचा, म्हणून चित्र आणि हालचाल एकदा जुळवली की काम झालं. जुलै १९९४ मध्ये जपानमधल्या योकोहामाच्या जॉयपोलिस या मनोरंजन केंद्रात सेगा या गेम कंपनीची व्हीआर-१ ही राइड आली आणि पडदा प्रवाशाच्या डोक्यावर चढला. आता डोकं आसनाच्या तुलनेत किती वळलं, हे संगणकाला कळायला हवं.

हेडसेटमधला जायरो (वळण मोजणारा सेन्सर) मात्र जमिनीच्या तुलनेतलं वळण मोजतो. वेग वाढल्याचा भास देण्यासाठी खुर्ची १५ अंश मागे झुकवतात. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा साधारण पाव हिस्सा पाठीवर दाब म्हणून जाणवतो. ही युक्ती डोळ्यांना झुकाव दिसत नाही तोवरच चालते. जायरोला वाटतं, माणसाने मान वर केली. चित्रातलं क्षितिज खाली घसरतं आणि भास तिथेच मोडतो.

याला जुना उपाय चुंबकीय ट्रॅकरचा. त्याचा चुंबकीय क्षेत्र सोडणारा भाग आसनावरच बसवला की मोजमाप थेट आसनाच्या तुलनेत मिळतं; पण लोखंडी सांगाडा आणि मोटर त्याचं क्षेत्र वाकवतात. दुसरा उपाय म्हणजे खुर्चीला वेगळा जायरो लावून त्याचं माप हेडसेटच्या मापातून वजा करणं. दोन्ही मापं एकाच क्षणाची हवीत, नाहीतर चित्र थरथरतं.

झुकण्याचा वेगही महत्त्वाचा. सेकंदाला सुमारे ३ अंशांपेक्षा हळू झुकलं तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांना ते सहसा कळत नाही. म्हणजे १५ अंशांना पाच सेकंद लागणार! चांगलं मशीन आधी आसन थोडं पुढे सरकवून धक्का देतं आणि तेवढ्यात हळूच झुकाव आणतं. नुसत्या दोन अक्षांच्या, म्हणजे फक्त पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकणाऱ्या खुर्चीला सरकता येत नाही, म्हणून ती झटक्यात झुकवली जाते. अशा खुर्चीची हालचाल सेटिंगमध्ये निम्म्यावर आणावी. थरार थोडा कमी होतो, पण राइड सुसह्य होते.

ऑपरेटरसाठी एक साधी चाचणी: स्थिर चित्र लावा, डोकं मागच्या उशीला घट्ट टेकवा आणि खुर्ची हाताने चालवा. चित्र जराही हलायला नको. हललं तर वजाबाकी बंद आहे किंवा तिची दिशा उलटी आहे. रीसेंटर (चित्राची समोरची दिशा नव्याने ठरवणारं बटण) दाबताना खुर्ची पूर्ण थांबून सपाट झालेली हवी आणि प्रवाशाची नजर सरळ. रांग लांब असली की इथेच घाई होते, आणि मग अख्खी राइड तिरकी दिसते.

पावसाळ्यात आणखी एक त्रास. एसीत गार पडलेल्या भिंगांवर भिजून आलेल्या माणसाच्या चेहऱ्याची वाफ बसते. पहिल्या राइडआधी हेडसेट दहा मिनिटं चालू ठेवला की भिंगं कोमट होतात. चेहऱ्याला लागणारी गादी स्पंजची नको, पुसता येणाऱ्या रेक्झिनची हवी. सॅनिटायझर फक्त गादीवर वापरा. भिंगांना कोरडं मायक्रोफायबर कापडच, कारण अल्कोहोलने त्यांचा लेप उडू शकतो.