तुम्ही विचारलेत म्हणून : फौजेत राहून पदवी कशाला?

गणपतीला किंवा शिमग्याला सुट्टीवर आलेली मुले दापोलीच्या एसटी स्थानकावर भेटली की हमखास विचारतात, "काका, पंधरा वर्षे भरली की पदवीच्या बरोबरीचे प्रमाणपत्र मिळतेच, मग नोकरीत पुस्तके कशाला उघडायची?" तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण याच समजुतीपायी मी माझ्या नोकरीची पहिली सहा वर्षे वाया घालवली.

ते प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. दहावी झालेला आणि पंधरा वर्षे सेवा केलेला माजी सैनिक केंद्र सरकारच्या पदवीची अट असलेल्या गट 'क' पदांसाठी पात्र धरला जातो, तेही त्या कामाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अनिवार्य नसेल तरच. एम.ए. किंवा बी.एड. करायचे तर विद्यापीठाचीच पदवी लागते. आमच्या पलटणीतले एक हवालदार गावच्या हायस्कुलात शिकवण्याची आस धरून परतले आणि प्रवेशाच्या खिडकीवरूनच मागे फिरले; त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

मी इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, बी.ए. केले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांपर्यंत पुरा करता येतो आणि परीक्षा जून व डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात, म्हणून बदली किंवा चौकीवरची पाळी आड आली तरी वर्ष बुडत नाही. मला पाच वर्षे लागली. एकदा माझे सगळे स्वाध्याय एका कार्यालयात गहाळ झाले आणि ते मी कंदिलाच्या उजेडात पुन्हा लिहून काढले. तेव्हा पाठवण्यापूर्वी प्रत काढून ठेवत जा.

अग्निवीरांचे, म्हणजे अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेल्यांचे, गणित मात्र वेगळे आहे. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुले कायम होणार, म्हणजे बहुतेकांना पंधरा वर्षांचा तो आधारही मिळणार नाही. त्यांच्यासाठी जून 2022 मध्ये इग्नूची तीन वर्षांची खास पदवी जाहीर झाली. तिचे निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात आणि उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, पर्यटन, शेती अशा विषयांतून मिळवायचे असतात. आंब्याची कलमे किंवा घरगुती निवासाचा व्यवसाय सांभाळायला परतणाऱ्या मुलाने यातले शेवटचे दोन विषय अवश्य पाहावेत, असे माझे मत आहे.

ज्याला अधिकारी व्हायचे आहे, त्याच्यासाठी डेहराडूनचे आर्मी कॅडेट कॉलेज आहे. तिथे निवड झालेला जवान तीन वर्षे शिकतो, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो आणि मग भारतीय सैन्य अकादमीत जातो. वाट अवघड आहे, पण खुली आहे.

फौज आणि शिक्षण ही जोडी आपल्या भागाला नवी नाही. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतर काही काळ इथेच, दापोलीत, राहिले होते.

आता कामाचे : दहावीवर भरती झालेल्या अग्निवीराला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करण्याची सोय आहे, आणि पदवीच्या अर्जाआधी ती पूर्ण करावी लागेल. सुट्टी संपवून युनिटमध्ये हजर झालात की पहिल्याच आठवड्यात शिक्षण हवालदाराला भेटा.