पोरगी थकलीय, गोळ्या नकोत आधी झोप हवी

आज दुपारी पारोळ्याहून भाची आली. नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. डोळ्यांखाली काळं झालंय. म्हणाली, "मामा, वाचेल काही ध्यानमा ऱ्हास नही." म्हणजे वाचलेलं काही लक्षात राहत नाही. पिशवीत होमिओपॅथीच्या तीन बाटल्या होत्या: काली फॉस 6एक्स, पिक्रिक अ‍ॅसिड 30 आणि अ‍ॅनाकार्डियम 30.

होमिओपॅथीत अभ्यासाच्या थकव्याला हीच नावं पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात. अ‍ॅनाकार्डियम म्हणजे आपला बिब्बा, तेही विसरभोळेपणासाठी. पण 30 पोटेन्सी म्हणजे शंभरपट पातळ करणं, तेही तीस वेळा. मूळ पदार्थाचा एक कणही उरण्याची शक्यता जवळपास नसते. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 साली अभ्यास तपासून सांगितलं की कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. ताईला वाईट वाटलं, तिचा फार विश्वास आहे. तिच्या मायेबद्दल मला शंकाच नाही.

मला काळजी वेगळीच आहे. पोरगी रात्री दीडपर्यंत वाचते, पहाटे पाचला उठते, डबा अर्धा परत आणते. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि ती झोपच कापली जातेय! त्यात खान्देशातला हा उन्हाळा, दुपारी पत्र्याच्या खोलीत पंखाही गरम वारा फेकतो.

ताईशी बोलून ठरलंय: उद्या डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 तपासायचं. रात्री साडेदहाला पुस्तक बंद. जेवणात कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भरपूर ताक. सतत रडू येत असेल, मन लागत नसेल, तर समुपदेशकाकडेही नेणार.