तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइलवर लावलं तर चालत नाही का?

अंथरुणाला खिळलेल्या माणसांपाशी बसून मी स्वरमंडल हे छोटं तारवाद्य वाजवते, हलक्या आवाजात गाते, हे कळलं की हा प्रश्न ठरलेलाच. "ताई, एवढं उठून जायचं कशाला? उशाशी मोबाइल लावून ठेवला तर चालत नाही का?"

चालतं की. जो माणूस 'हे नको, ते लाव' म्हणू शकतो, त्याच्याजवळ मोबाइल खुशाल ठेवा. केमो चालू असताना कोणाला नाट्यगीत हवं असतं, कोणाला आशाबाई. आवडीचं ऐकू दे त्यांना. मी बोलतेय ते शेवटच्या एक-दोन दिवसांबद्दल, जेव्हा 'बंद करा' म्हणायचीही ताकद उरलेली नसते.

तेव्हा श्वासाची चाल बदलते. चार-सहा श्वास चढत जातात, मग उतरत जातात आणि एकदम सगळं थांबतं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. घरचे एकमेकांकडे बघतात, तोवर पुन्हा सुरू. डॉक्टर याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. अशा श्वासाशेजारी ठेक्यातलं भजन लावलं की ठेका एकीकडे, श्वास एकीकडे. शिवाय मोबाइलवर विष्णुसहस्रनाम चालू असताना मधेच मोठ्या आवाजात जाहिरात लागते, तीही मी ऐकली आहे.

इथे ग्वाल्हेरात, जनकगंजातल्या एका आजोबांकडे त्यांच्या सूनबाईंनी बोलावलं होतं. ऑक्सिजनचं यंत्र चालू होतं. त्याच्या घरघरीतही एक सूर असतो; आपला षड्ज, म्हणजे सा, त्याला सोडून लागला तर खोलीभर दोन सूर एकमेकांवर घासत राहतात. म्हणून दाराबाहेर बसून आधी यंत्राशी सूर मिळवला. मग आत जाऊन पांघरुणाच्या काठाकडे बघत बसले. काठ वर गेला की एक तार छेडायची, खाली येईपर्यंत ती विरू द्यायची. श्वास थांबला की मीही थांबायची. थोड्या वेळाने कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला रे, लावला तर आजोबांच्या कपाळावर आठी आली. तो स्वर तिथेच सोडला, षड्ज-पंचमावर, म्हणजे सा आणि प वर, राहिले, आठी गेली. रिषभामुळेच आली का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती बघून स्वर सोडता आला. रेकॉर्डिंगला आठी दिसत नाही.

माझं गाण्याचं शिक्षण ग्वाल्हेर घराण्याचं. आमच्याकडे बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, स्थायी-अंतरा या दोन्ही भागांसकट आधी नीट मांडायची आणि लय पक्की धरायची. इथे नेमकं तेच सोडावं लागतं: शब्द नाहीत, ताल नाही, समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघणं नाही. मला ते फार जड गेलं. ओळखीचं गाणं आठवणी घेऊन येतं आणि ठेका माणसाला सोबत ओढत नेतो. निघालेल्या माणसाला यातलं काहीच नको असतं, असं मला वाटतं. घरच्यांनी आग्रह केला तर त्यांच्या आवडीचं एखादं पद म्हणते, पण ते त्यांच्यासाठी असतं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत थेरीज श्रोडर-शेकर यांनी 1992 साली मोंटाना राज्यातल्या मिझूला गावी याचं रीतसर शिक्षण सुरू केलं. त्या पद्धतीत हार्प आणि गळा वापरतात, तेही रुग्णाचा श्वास बघूनच. हार्पच्या मोकळ्या तारा छेडल्यावर आपोआप विरत जातात. स्वरमंडलाच्याही तशाच, आणि ते मांडीवर मावतं.

"पण त्यांना ऐकू येतं का?" हा पुढचा प्रश्न. 2020 साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रात, शेवटच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढले. सुरांचा क्रम बदलला की त्यांतल्या काहींचा मेंदू निरोगी तरुणांसारखाच दखल घेत होता. त्यांना कळत होतं का, हे त्यावरून ठरत नाही. मला एवढं पुरतं. म्हणूनच त्या खोलीत वाटणीची बोलणी काढू नका, असं मी सगळ्यांना सांगते.

आमचं गाव तानसेनाचं. त्याच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो असं मानणारं. त्यामुळे अमुक रागाने अमुक आजार जातो, हेही इथे पटकन पटतं. मी कोणाला बरं करत नाही, हे दारातच सांगून टाकते.

वाजवणारं कोणी नसेल तर घरातल्याच एकाने जवळ बसावं आणि गुणगुणावं. सूर कच्चा असला तरी चालेल. श्वासाकडे बघत, मधे जागा सोडत, दहा-पंधरा मिनिटं. आठी आली, मान फिरली की थांबावं. बाकीच्यांनी टीव्ही बंद करावा आणि फोन घ्यायला गॅलरीत जावं.