लैंगिक गुन्हा केलेल्यांसोबत काम करायला मी कशी शिकले

बेळगावात मी बरीच वर्षं अत्याचार झालेल्या मुलांचं समुपदेशन करत होते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मुली यायच्या, सोबत आई नाहीतर आजी. तोंडाने विचारोत वा न विचारोत, सगळ्यांच्या मनात एक प्रश्न असायचाच: तो सुटून आला की पुढं काय? आणि हा ‘तो’ बहुतेक वेळा परका नसायचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. चुलता, शेजारी, मावशीचा नवरा, शिकवणीचे सर. शिक्षा संपली की असा माणूस पुन्हा त्याच गल्लीत राहायला येतो. मुलीला आधार द्यायला आम्ही काहीजण तरी होतो. त्याने परत असं करू नये म्हणून त्याच्यासोबत काम करणारं मात्र आमच्या भागात मला कुणी दिसत नव्हतं.

हे शिकायचं ठरवल्याचं घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “असल्यांची सेवा करणार होय तू?” मी म्हटलं, त्याच्या घराला लागून ज्या पोरी राहतात त्यांच्यासाठी करणार. तिला ते अजून पुरतं पटलेलं नाही आणि मी आग्रहही धरत नाही. ज्या बाईने माझ्याकडून इतक्या मुलींच्या हकिकती ऐकल्या, तिला राग येणारच.

इथे ज्या माणसांबद्दल लिहितेय त्यांचे तपशील बदललेले आहेत. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं, आणि कायदा नसता तरी मी ती केली नसती.

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.मध्ये या विषयाला आम्ही जेमतेम हात लावला होता. त्यामुळे प्रशिक्षण तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागलं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी बेंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या ‘संवाद’ उपक्रमाची ऑनलाइन सत्रं केली. मोठ्या माणसांच्या मूल्यमापनासाठी परदेशातला एक अभ्यासक्रम घेतला, तो तिकडच्या वेळेप्रमाणे आमच्या रात्री चालायचा. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे बेंगळूरच्या एका ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांनी माझी प्रत्येक केस तपासायचं कबूल केलं. या कामात सुपरवायझर नसेल तर सुरुवातच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस एकतर कडवट होतो किंवा समोरच्याच्या बोलण्याला भुलतो, आणि दोन्ही त्याचं त्याला कळत नाही.

मूल्यमापन, म्हणजे हा माणूस पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याचा धोका किती हे ठरवणं, शिकताना मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं. कार्ल हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन या संशोधकांनी १९९९ साली त्यासाठी ‘स्टॅटिक-९९’ हे गुण देऊन धोका मोजायचं साधन तयार केलं. त्याची सुधारलेली आवृत्ती, स्टॅटिक-९९आर, जगात खूप वापरली जाते. प्रौढ पुरुषांसाठीच असलेल्या या साधनात दहा मुद्दे आहेत: सुटकेच्या वेळचं वय, आधीचे लैंगिक गुन्हे, आधीच्या शिक्षा, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, नात्याबाहेरची होती का, मुलगा किंवा पुरुष होता का, असे. पस्तिशीच्या आतल्याला एक गुण जास्त मिळतो, साठी ओलांडलेल्याचे तीन वजा होतात. सरावाच्या फाइली यायच्या आणि आम्ही सगळे स्वतंत्रपणे गुण द्यायचो. एका फाइलीतला माणूस ढसाढसा रडला होता, देवाची शपथ घेतली होती, पीडित मुलाच्या आईला पत्र लिहिलं होतं. दुसरा पहिल्यापासून शेवटपर्यंत “मी काहीच केलं नाही” म्हणत होता. वाचताना आमच्या वर्गातल्या बहुतेकांना पहिला सुधारण्यासारखा वाटला. गुण मात्र पहिल्याचे कितीतरी जास्त आले, कारण तो तरुण होता, त्याच्यावर आधीचे गुन्हे होते आणि मुलगा अनोळखी होता.

पश्चात्तापाला त्या दहा मुद्द्यांत जागाच नाही. हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्गोन यांनी असंख्य अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुन्हा नाकारणं आणि पीडितेबद्दल सहानुभूती नसणं यांचा पुन्हा गुन्हा होण्याशी म्हणावा तसा संबंध सापडला नाही. विकृत लैंगिक ओढ आणि एकूणच कायदा, नियम, माणसं यांची पर्वा नसणं, हे धोक्याचे खरे मुद्दे निघाले. हे पचवायला मला वेळ लागला. आपली कोर्टं, आपली गावं, आपली कीर्तनं, सगळी पश्चात्तापावर उभी आहेत. आपल्याकडे रडणाऱ्याला माफी मिळते. पण समोर बसलेल्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी अहवालात धोका कमी लिहिला, तर त्याची किंमत एखादं मूल मोजणार.

हे साधन जसंच्या तसं बेळगावात चालत नाही, हेही लवकरच लक्षात आलं. एक मुद्दा असा, की हा माणूस जोडीदारासोबत किमान दोन वर्षं राहिला आहे का. परदेशात त्यावरून त्याला नातं टिकवता येतं का याचा अंदाज येतो. आपल्याकडे घरचे पोराचं लग्न लावून देतात, संसार टिकवायची जबाबदारी सुनेवर टाकतात, आणि ती माहेरी गेली तर चार माणसं जाऊन परत आणतात. मग त्या दोन वर्षांवरून त्याच्याबद्दल काय कळणार? ‘आधीचे गुन्हे’ हा मुद्दाही तसाच. कागदावर शून्य असतं, पण गावात विचारलं तर मागे एकदा पंचांनी बसून मिटवलेलं प्रकरण निघतं, एफआयआर नसलेलं. म्हणून मी गुण देते, पण परदेशातल्या गुन्हेगारांवरून काढलेली टक्केवारी आमच्या माणसाला चिकटवत नाही. बदलता येण्याजोग्या गोष्टी शोधायला स्टेबल-२००७ या दुसऱ्या साधनाचे तेरा मुद्दे मला जास्त उपयोगी पडतात: विचार न करता काही करून बसणं, एकटेपण, चटकन भडकणं, मन बिघडलं की लैंगिक गोष्टींकडे वळणं, मोठ्यांपेक्षा लहान मुलांतच मन रमणं. यांवर काम करता येतं.

मुलाखतीचा सराव इंग्रजीत झाला होता. प्रत्यक्षात आरोपपत्र कन्नडमध्ये, समोरचा माणूस मराठीत बोलणारा, आणि अहवाल इंग्रजीत द्यायचा. आरोपपत्र आधीच कुणाकडून तरी नीट समजून घेऊन मग मी बसते. आत गेल्यावर बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, “मॅडम, मला उगीच अडकवलंय हो.” तिथे वाद घालायचा नाही, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा घोटून घेतलं होतं. मी विचारते, बरं, त्या आठवड्यात तुमचं काय चाललं होतं? काम होतं का? पीत होता का? घरात कोण कोण होतं? तासाभराने माणूस गुन्ह्याभोवतीचं सगळं सांगून बसलेला असतो.

पण त्याआधी एक गोष्ट सांगावीच लागते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ नुसार मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत मी साध्या मराठीत सांगते की अजून कुणाला न कळलेल्या एखाद्या मुलाबद्दल तुम्ही बोललात, तर मला ते कळवावं लागेल. काहीजण तिथेच बंद होतात. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने २००५ पासून चालवलेल्या प्रकल्पात, मुलांबद्दल ओढ वाटणारा माणूस गुन्हा करण्याआधीच स्वतःहून उपचाराला येऊ शकतो, कारण तिथे असं कळवण्याचं बंधन नाही. पुण्यात केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरने शारितेसोबत असे गुन्हे होण्याआधीच रोखण्याचं काम केलं आहे. आमच्या भागातला जो तरुण मनातली ओढ ओळखून घाबरलाय आणि ज्याने अजून काही केलेलं नाही, त्याला बोलायला दार उघडं असावं असं मला कळकळीने वाटतं. कलम १९ नको असं मी म्हणत नाही. त्या कलमाने मुलं वाचलेली मी पाहिली आहेत.

अल्पवयीन मुलांचं काम पूर्ण वेगळं आहे, आणि मोठ्यांचं साधन त्यांना लावायचंच नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन करतं: मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. मंडळात बालमानसशास्त्र शिकलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. अशा वेळी माझ्यासारखीला बोलावणं येतं. त्यानं गुन्हा केला की नाही हे ठरवायला मी बसलेली नसते, हे पालकांना समजावण्यातच पहिला अर्धा तास जातो.

या फाइलींमध्ये पळून गेलेली जोडपीही बरीच असतात. ती सतरा वर्षांची, तो साडेसतरा, मुलीच्या वडिलांची तक्रार, आणि कलमं तीच जी लहान मुलीवर जबरदस्ती करणाऱ्याला लागतात. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने नोव्हेंबर २०२२ मध्ये विधी आयोगाला संमतीच्या वयाच्या निकषाचा फेरविचार करायला सुचवलं होतं. आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय अठराच ठेवलं, पण सोळा ते अठरामधल्या संमतीच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना काही मुभा असावी असं म्हटलं. अशा मुलाला ‘लैंगिक गुन्हेगारां’च्या उपचारगटात बसवणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे, आणि मी ते अहवालात तसंच लिहिते. खरोखर जबरदस्ती केलेल्या मुलांबद्दलही अभ्यास आशादायक आहेत. २०१६ साली १०६ अभ्यासांतल्या ३३ हजारांहून जास्त मुलांची माहिती एकत्र केली गेली, आणि पुन्हा लैंगिक गुन्हा नोंदवला गेलेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत निघालं. ‘एकदा बिघडला तो बिघडलाच’ हे मुलांबाबत तरी खोटं आहे.

उपचारांचा भाग शिकताना आधी धक्का बसला. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं चाललेला एक मोठा उपचार-कार्यक्रम २०१७ च्या तपासणीत फसलेला निघाला. उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, न घेतलेल्या तशाच कैद्यांपैकी ८ टक्क्यांनी. कार्यक्रम बंद करून दुसरे आणले गेले. आमच्या प्रशिक्षकांनी हे पहिल्याच सत्रात सांगितलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. चांगल्या हेतूने केलेला उपचारही घातक ठरू शकतो, हे ऐकल्यावर मी काय करते ते मोजायला शिकले. आता गुन्हा पुन्हा पुन्हा वदवून घेण्यावर भर नसतो. ज्याचा धोका जास्त त्याला जास्त उपचार, कमी धोक्याच्या माणसाला उगीच गटात ओढायचं नाही, आणि प्रत्येकाला झेपेल अशा पद्धतीने शिकवायचं, हे सूत्र अँड्र्यूज, बोंटा आणि होग यांनी १९९० मध्ये मांडलं, ते आजही टिकून आहे. गरज पडली तर औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते माझं क्षेत्र नाही.

देखरेखीचा भाग आमच्याकडे सगळ्यात कच्चा आहे. २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते आणि तिच्यामुळे कुणी कुणाच्या घरी जाऊन विचारपूस करत नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये १९९४ साली एका चर्चमधल्या माणसांनी सुटून आलेल्या एका माणसाभोवती गट केला, दर आठवड्याला भेटायचं, मदत करायची आणि जाबही विचारायचा. त्याच धर्तीवर आम्ही एका मुलासाठी प्रयत्न केला. तो ज्या गल्लीत राहायचा तिथेच पीडित मुलीचं घर, म्हणून त्याला तिथे परत पाठवायचं नाही हे पहिलं ठरलं. मामाचं गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आमच्या लोकांच्या सोयरिकी सीमा बघून होत नाहीत, पण कागद सीमेवर अडतात. इकडच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांचं पत्र तिकडच्या बाल संरक्षण कक्षाकडे पोहोचायला आणि तिकडून माणूस घरी जायला बराच काळ गेला. तोवर मामा, मामी आणि त्यांच्या भजनी मंडळातले एक काका, ज्यांना सगळं खरं सांगितलं होतं, यांनीच सांभाळलं. लहान मुलांसोबत त्याला एकटं सोडायचं नाही, फोन रात्री मामाकडे, रविवारी मला कॉल. मामी कॉलवर न चुकता सांगायची, “आज रागात होता, जेवला न्हाई,” आणि ही माहिती मला कुठल्याही फॉर्मपेक्षा जास्त कामाची होती.

आता निपाणी आणि अथणीकडचे दोघे समुपदेशक हेच शिकताहेत. महिन्यातून एकदा आम्ही नावं काढलेल्या केसेस घेऊन बसतो. सध्या काम चाललंय ते पहिल्या बैठकीत वाचून दाखवायच्या संमतीपत्रावर, कलम १९ ची सूचना त्यात ठळक असलेल्या, मराठी आणि कन्नड दोन्हींत. ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी अत्याचार झालेल्या मुलांसोबत आधी काही काळ काम करावं, असं मी सुचवेन.