परत आलेला चौथा गिअर : आमची वाटचाल

सुरुवातीला आमच्याकडे एक लोखंडी टेबल, दोन पुलर आणि उसना आणलेला प्रेस एवढंच होतं. मी आणि माझा भागीदार ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, येईल ते काम घ्यायचो. डोंगरात, नदीपात्रात गाड्या घालणारी मंडळी हळूहळू आमच्याकडे यायला लागली, कारण आम्ही गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधला जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) उघडायला नाही म्हणत नव्हतो. आज आम्ही फक्त हेच काम करतो. ते कसं ठरलं, हे सांगायचं तर एका चार गिअरच्या बॉक्सपासून सुरुवात करावी लागेल.

गाडीची तक्रार एकच होती. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की चौथा गिअर उडून न्यूट्रल. आम्ही बॉक्स उतरवला, स्लीव्हचे (गिअर शाफ्टला अडकवणाऱ्या सरकत्या कड्याचे) झिजलेले दात दिसले, ती सरकवणारा फोर्कही घासलेला होता. स्लीव्ह, हब, फोर्क, गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा, गिअर जागेवर धरणारी डिटेंटची स्प्रिंग, सगळी बेअरिंगं, सगळं नवं घातलं. बॉक्स हातात फिरवला तर लोण्यासारखा. चार महिन्यांनी मालक पुन्हा दारात. "अहो, परत उडतोय."

आम्ही बॉक्स पुन्हा उघडला. नव्या स्लीव्हचे दात एका बाजूने तिरके खायला लागले होते. चार गिअरच्या अशा बॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांत अडकून सरळ एक होतात. दोन्ही एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्याला दात थोडे थोडे बाहेर सरकतात आणि जोर उलटा झाला की सुटतात. मग रेष कुठे बिघडली? शोधत शोधत आम्ही इंजिनापाशी गेलो. त्या गाडीचं इंजिन पूर्वी कधीतरी उतरवून परत बसवलं होतं आणि बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जागेवर धरणाऱ्या डॉवेल पिना लावल्याच नव्हत्या. नुसत्या बोल्टांवर हाउसिंग बसलं होतं, भोक मध्यापासून सरकलं होतं. क्रँकच्या टोकाचा, इनपुट शाफ्टचं टोक पेलणारा पायलट बुशही त्यानेच एका अंगाने झिजला होता. दुखणं गिअरबॉक्सच्या बाहेर होतं आणि आम्ही आतल्या वस्तू बदलत बसलो होतो.

ते काम आम्ही पैसे न घेता पुन्हा केलं. त्यासाठीच स्वतःची पहिली मोठी खरेदी केली, ती चुंबकी स्टँडवरच्या डायल गेजची. प्रेस नंतर घेतला. गेज फ्लायव्हीलवर लावून इंजिन हाताने फिरवायचं आणि बेल हाउसिंगचं भोक किती सरकलंय ते वाचायचं. बॉक्सच्या प्रत्येक कामात हे करतो आणि आकडा वहीत लिहितो. वहीची सवय भागीदाराने लावली. त्याचं म्हणणं असं की कारागिराला "बरं वाटतंय" असं म्हणून हात धुता येऊ नयेत.

उघडतानाच निम्मं काम होतं, असं माझं मत आहे. तेल काढायच्या प्लगचं चुंबक आधी बघतो. बारीक राखाडी चिखल असेल तर वयाची झीज, पापुद्रे असतील तर बेअरिंगचा पृष्ठभाग सुटतोय, दाताचा तुकडा असेल तर तो कुठला हे ठरेपर्यंत पुढे जायचं नाही. तेलात पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगांचा संशय. रिंग तिच्या कोनावर दाबून मधली फट फीलर गेजने मोजतो. बऱ्याच बॉक्सांत नवी असताना ती १ मिलीमीटरच्या आसपास असते आणि अर्ध्याच्या खाली गेली की रिंग टाकायची. शेवटचा शब्द मात्र त्या बॉक्सच्या मॅन्युअलचा. सुट्या निडल रोलरचा काउंटर शाफ्ट असेल तर रोलर मोजून ट्रेमध्ये ठेवतो, बसवताना घट्ट ग्रीस आणि डमी शाफ्ट वापरतो. एक जरी कमी भरला तरी तो डबा बंद होत नाही.

तेलाबद्दल मी जरा हट्टी आहे. गिअर तेलाच्या दर्जांत जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा भारी, म्हणून गिअरबॉक्सातही तेच घालायचं, असं अनेकांना वाटतं. जीएल-५ हायपॉइड (दात एकमेकांवर घासत सरकणाऱ्या) डिफरन्शियलच्या कडक घर्षणासाठी बनलेलं आहे. त्यातली जास्तीची द्रव्यं जुन्या पितळी रिंगांना मानवत नाहीत आणि रिंगेला पकडायला जेवढं घर्षण लागतं तेही कमी होतं. मॅन्युअल जीएल-४ म्हणत असेल तर आम्ही तेच भरतो, मालक काहीही म्हणोत.

ट्रान्सफर केसने आम्हाला वेगळं शिकवलं. १९४१ च्या विलीस जीपमधला स्पायसर १८ हा ओतीव लोखंडी डबा, गिअरांवर चालणारा. असे डबे आजही दुरुस्त होतात, कारण शाफ्ट, बेअरिंग, शिम एवढाच संसार. पुढे एनपी २३१ सारखे अ‍ॅल्युमिनियमचे, साखळीचे केस आले. त्यात लो रेंज (हळू पण जोरात चालण्याचा गिअर) २.७२ आहे. पहिला गिअर ४ आणि अ‍ॅक्सल ४.१ धरला तर घर्षण सोडून इंजिनाचा जोर चाकापाशी सुमारे ४५ पट होतो. पुढच्या चाकांना जोर ज्या साखळीतून जातो, ती ताणली गेली की भार पडताच "कटकट" असा आवाज करत दातावरून उडी मारते. साखळी बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बघावी लागतात, नाहीतर नवी साखळी जुन्या दातांवर लवकर जाते.

तरीही बहुतेक केस पाण्याने मरतात. गरम डबा थंड प्रवाहात बुडला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (डब्याच्या हवेच्या वाटेतून) पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, बेअरिंगांवर खड्डे पडतात. म्हणून आम्ही ब्रीदरची नळी बॉनेटपर्यंत वर नेतो. हे काम करून न घेता केस न्यायचा असेल, तर आम्ही केस घेतच नाही.

दुसरं कारण टायर. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल मध्ये नसतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, त्यात कोरड्या टणक रस्त्यावर फोर बाय फोर लावलं, तर दोन्ही शाफ्ट एकमेकांना पिळत राहतात आणि लिव्हर निघत नाही. त्यामुळे ट्रान्सफर केस आला की आमचा धाकटा कारागीर आधी टेप घेऊन चारही टायरांचा घेर मोजतो. केस न उघडता त्याने कितीतरी जणांना परत पाठवलंय. माझ्या धंद्याचं नुकसान करतो, पण मला त्याचा अभिमान आहे.

काम झालं की बदललेले सगळे जुने भाग चिठ्ठी लावून मालकाला देतो, सोबत वहीतल्या पानाची प्रत.

तो चौथ्या गिअरचा बॉक्स मध्यंतरी मागच्या सीलसाठी पुन्हा आला. बॉक्स उतरलेलाच होता, म्हणून सवयीने गेज लावला. आकडा दुरुस्तीनंतर लिहिला होता तोच. जुन्या नोंदीखाली तारीख घालून तो पुन्हा लिहिला आणि मालकाला पान दाखवलं.