पाऊस आत, नाव दुसऱ्याचं

"अगं, वर झाकण बसवायचं विसरले की काय हे लोक?"

पँथिऑनमध्ये, म्हणजे रोममधल्या प्राचीन घुमटवाल्या मंदिरात, पाऊस पडत होता. हो, आत! घुमटाच्या मधोमध जवळपास ९ मीटरचं उघडं भोक, त्यातून धार सरळ खाली. नवरा वर बघतोय आणि मी फरशीकडे. ती किंचित फुगीर आहे, तिला बारीक छिद्रं आहेत आणि पाणी त्यातून गुपचूप निघून जातंय. विसरले नव्हते तर.

रोममधला आमचा पहिलाच दिवस. पायांचे तुकडे पडलेले.

बाहेर दर्शनी भागावर ठसठशीत अक्षरं: हे अग्रिप्पाने (जुन्या रोमचा एक सेनापती) बांधलं. पण त्याची इमारत तर जळून गेली होती. आत्ताची इ. स. १२६ च्या सुमारास, सम्राट हेड्रियनच्या काळात पुरी झालेली. आणि कपाळावर नाव मात्र जुनंच!

"स्वतःचं नाही टाकलं?" नवऱ्याने जेवताना तीनदा विचारलं. त्याला ते पचतच नव्हतं.

रात्री बघते तर याने दिवसभराचे फोटो टाकलेत. अर्धेअधिक मी काढलेले. खाली नाव कोणाचं असेल, सांगा बरं?