दत्तजयंतीनंतरचा रविवार

दत्तजयंती झाली की पुढच्या रविवारी आमच्या मंडळात कुत्र्यांचा मेळा भरायचा. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात, मग याहून चांगला मुहूर्त कुठला? मूळ कल्पना मात्र लंडनची. तिथे १९९२ पासून खासदार आपापली कुत्री घेऊन पार्लमेंटशेजारच्या बागेत जमतात. ‘वेस्टमिन्स्टर डॉग ऑफ द इयर’ म्हणतात त्याला. डॉग्ज ट्रस्ट आणि केनेल क्लब या दोन संस्था ही स्पर्धा भरवतात. आमच्या अध्यक्षकाकांनी बातमी वाचली आणि म्हणाले, “अरे, आपल्याकडे नगरसेवक आहेत की!”

नाशिक महापालिकेत १२२ नगरसेवक. त्यातले गंगापूर रोडच्या बाजूचे सात-आठ जण, शिवाय काही माजी, असे सगळ्या पक्षांचे यायचे. नियम एकच आणि कडक: पट्टा साहेबांनी स्वतः धरायचा. कार्यकर्ता नाही, ड्रायव्हर नाही.

डिसेंबरची नाशिकची थंडी, मैदानावर धुकं, आणि गल्लीत पांढऱ्या गाडीतून उतरणारा माणूस लॅब्रडॉरच्या मागे फरफटत येतोय. पोरं टाळ्या वाजवायची. एकदा लाऊडस्पीकर करकरला आणि सगळी कुत्री एका सुरात भुंकायला लागली, ती पाच मिनिटं थांबेनात. पाहुण्यांचं भाषण तेवढ्यात आटोपलं.

खरी गंमत प्रश्नोत्तरांत असायची. जनावरांचे डॉक्टर खुर्ची टाकून बसत आणि एकेकाला विचारत, “रेबीजची लस कधी दिली? जंतांचं औषध? अंघोळ कोण घालतं?” सभागृहात तासभर बोलणारी माणसं इथे अडखळायची. मग मागून कुणाची तरी लेक ओरडायची, “पप्पा, जूनमध्ये!” त्या एका वाक्यात घरातलं सगळं कळायचं. पुढच्या वर्षी तेच पप्पा लसीचं कार्ड खिशात घालून आले. मला वाटतं, मेळ्याने हे मोठं काम केलं. आमच्या भागातल्या लसीकरणाच्या शिबिराला नंतर कुणाच्या मागे लागावं लागलं नाही.

एक ताई दरवर्षी त्यांची एक गावठी कुत्री आणायच्या. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या कानाची कड कापलेली. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागे सापडलेलं पिल्लू ते. पहिल्या वर्षी ती ताईंच्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसून बसली होती, कुणी हात पुढे केला की थरथरायची. तिसऱ्या वर्षी तिने स्वतःहून डॉक्टरांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. पहिला नंबर तिलाच दिला, आणि हस्की, डॉबरमनवाल्यांनीही तो मानला. नंतर मिसळ. एका ताटात दोन पक्षांचे पापड मोडले जायचे.

२०२० ला मेळा झाला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या प्रभागातले आप्पा कोरोनाने गेले. त्यांचा म्हातारा कुत्रा मोती मागे राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये डेव्हिड एमेस या खासदारांची हत्या झाली. त्यांनी आपल्या विवियन या कुत्रीचं नाव लंडनच्या त्या स्पर्धेत आधीच दिलेलं होतं. ते तसंच राहिलं आणि तीच पहिली आली. अध्यक्षकाकांनी ते वाचलं आणि आप्पांच्या घरी गेले.

दत्तजयंतीनंतरच्या रविवारी मोती आला. पट्टा होता निवडणुकीत आप्पांविरुद्ध लढलेल्या भाऊंच्या हातात. डॉक्टरांनी विचारलं, “याला काय आवडतं?” भाऊ म्हणाले, “आप्पा सकाळी चहात बुडवून पाव द्यायचे. मी समोरच्या टपरीवरून रोज बघायचो.”

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले. त्या डिसेंबरात पुकारताना प्रत्येकाच्या नावाआधी ‘माजी’ लावावं लागलं. कुत्री मात्र सगळी आली. मोतीही आला, भाऊंच्या स्कूटरवर पुढे उभा राहून.